जन्मजात हृद्रोग, प्रौढ रुग्ण आणि पूर्वेतिहासाचे दप्तर : सातारा-सांगली परिसराच्या अनुषंगाने एक टिपण

वैद्यकातील ‘इतिहास’ आणि आपल्या विद्याशाखेतील ‘इतिहास’ हे शब्द एकच असले, तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रुग्ण दारी आला म्हणजे वैद्य प्रथम त्याचा पूर्वेतिहास विचारतो, चार प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत टिपतो आणि पुढील तपासणीस लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम याहून निराळे व पुष्कळ संथ असते. प्रस्तुत टिपणात मात्र अशा एका व्याधिवर्गाचा विचार करावयाचा आहे की, ज्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात. जन्मतःच हृदयात दोष घेऊन आलेले आणि आता वयात आलेले स्त्रीपुरुष हा तो वर्ग होय. त्यांच्या प्रौढपणी जे उपद्रव उद्भवतात त्यांची चिकित्सा, त्यांच्या बालपणी कोणती शल्यक्रिया, कोणत्या सुमारास व कोणत्या पद्धतीने झाली हे कळल्यावाचून नीट होऊ शकत नाही. शल्यविद्येचा कालानुक्रम हा येथे केवळ विद्वत्तेचा विषय राहत नाही. तो निदानाचे साधन बनतो. हा मुद्दा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१. कल्पनेचा वारसा

आपल्या प्राचीन वैद्यकास हृद्रोग अपरिचित नव्हता. चरकाने त्याचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. जन्माबरोबर येणाऱ्या व्याधींचाही स्वतंत्र विचार झालेला होता. सुश्रुताने सूत्रस्थानात व्याधींचे जे सात वर्ग केले आहेत, त्यांत ‘जन्मबलप्रवृत्त’ असा एक वर्ग असून त्यात पंगुत्व, जन्मांधत्व, बधिरत्व, मूकत्व, वामनत्व इत्यादींची गणना केलेली आहे. ही यादी लक्षपूर्वक पाहिली असता असे दिसते की, तीत सांगितलेले सर्व दोष डोळ्यांस दिसणारे किंवा सहज ध्यानात येणारे आहेत. हृदय छातीच्या पिंजऱ्यात झाकलेले असल्यामुळे त्याचा जन्मदोष या यादीत आलेला नाही. हृद्रोग आणि जन्मदोष या दोन कल्पना शेजारीशेजारी नांदत होत्या. त्यांची गाठ पडण्यास शवविच्छेदनाची व नाडीयंत्रांची पुढील शतके जावी लागली.

याच विवेचनातील दुसरी एक कल्पना मात्र मराठी घरांत आजही जिवंत आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी ही दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’ होते आणि तिच्या इच्छांची उपेक्षा झाल्यास अपत्य व्यंगयुक्त निपजते, असे सुश्रुताच्या शारीरस्थानात म्हटले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच परंपरेतला. डोहाळजेवणाचा सोहळा गोडच आहे. परंतु या कल्पनेची दुसरी बाजू अशी की, मूल सदोष जन्मले तर त्याचा जाब आईलाच द्यावा लागतो. ग्रहणकाळात गर्भवतीने भाजी चिरू नये, सुईदोरा हाती घेऊ नये, हे निर्बंध आणि ‘ग्रहण लागले’ हा निर्वाळा त्याच विचारसरणीतून आलेला आहे. आजच्या वैद्यकाच्या मते बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण दाखविता येत नाही. गरोदरपणाच्या आरंभी झालेला रुबेला, मातेचा मधुमेह, काही औषधे, गुणसूत्रांतील बदल आणि जवळच्या नात्यातील विवाह यांमुळे संभव वाढतो, एवढे निश्चित सांगता येते. आते-मामे भावंडांच्या सोयरिकी हा दक्षिण महाराष्ट्रातील जुना प्रघात असल्याने शेवटच्या कारणाची येथे नोंद घेणे अवश्य आहे. परंतु आईवर ठेवलेला ठपका हा विषय येथेच सोडून चालणार नाही. दप्तरे का नाहीशी होतात याचा विचार करताना तो पुन्हा पुढे येईल.

२. मिरज : निदान आले, उपाय नव्हता

या परिसरात पाश्चात्त्य शल्यविद्येचे पाऊल पडले ते मिशनऱ्यांच्या मार्फत. मूळचे कॅनडातील असलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस हे १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. सांगली येथे त्यांनी कामास आरंभ केला आणि पुढे मिरजेस स्थलांतर करून १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उघडले. मिरज हे लोहमार्गाचे जंक्शन असल्यामुळे दक्षिणी संस्थानांतून, कर्नाटकातून आणि देशावरून रुग्ण तेथे येऊ लागले. १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळाही सुरू केली. १९२८ मध्ये त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. मिरज व सांगली यांच्या दरम्यानची वानलेसवाडी त्यांच्या नावाची आठवण अद्याप ठेवून आहे. तेथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम हे छातीच्या रोगांच्या चिकित्सेचे या भागातील जुने केंद्र होय.

या तारखा जागतिक वैद्यकाच्या तारखांशेजारी ठेवल्या म्हणजे एक लक्षणीय गोष्ट आढळते. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधील छिद्राचे वर्णन फ्रेंच वैद्य रोजे याने १८७९ मध्ये केले. चार दोषांचा जो समुच्चय फालोच्या नावाने ओळखला जातो, त्याविषयीचे त्याचे लेखन १८८८ मधले. आणि आयझेनमेंगरने आपल्या निळसर पडलेल्या प्रौढ रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला तो १८९७ मध्ये, म्हणजे मिरजेची वैद्यकीय शाळा उघडली त्याच वर्षी. दोष ओळखू येत होता, त्याला नाव मिळाले होते, परंतु त्यावर उपाय जगात कोठेच नव्हता. मिरजेच्या शल्यगृहात मोतीबिंदू, मुतखडे, गाठी यांच्या शल्यक्रिया मोठ्या संख्येने होत असतानाही, ओठ निळे पडलेले मूल घेऊन आलेल्या आईस सांगण्यासारखे वैद्याजवळ फारसे काही नव्हते. हे मिरजेचे उणेपण नव्हे. पॅरिस आणि लंडन येथेही हीच स्थिती होती.

प्रशासकीय दृष्ट्या हा परिसर तेव्हा एकसंध नव्हता. सातारा हा ब्रिटिश जिल्हा; सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. साताऱ्यास असे महाविद्यालय येण्यास त्यानंतर सुमारे सहा दशके लोटली. मधल्या काळात कराड येथे कृष्णा संस्थेचे रुग्णालय व महाविद्यालय उभे राहिले. तथापि अर्भकाच्या हृदयावरील अवघड शल्यक्रियेसाठी या भागातील आईबापांची वाट बहुधा पुण्यामुंबईकडेच गेलेली आहे. रुग्ण राहतो एकीकडे आणि त्याचे कागद तयार होतात दुसरीकडे, ही गोष्ट येथूनच सुरू होते.

३. शल्यक्रियेची तीस वर्षे

१९३८ ते १९६८ ही तीस वर्षे जन्मजात हृद्रोगाच्या इतिहासात युगांतराची ठरली. १९३८ मध्ये बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस याने जन्मानंतरही उघडी राहिलेली महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांमधील नलिका बांधून टाकली. १९४४ मध्ये स्वीडनच्या क्राफूर्डने महारोहिणीचा अरुंद भाग कापून दोन टोके जोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या २९ तारखेस बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लेलॉक याने हेलन टॉसिग या विदुषीच्या कल्पनेनुसार आणि व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या तंत्राने एका निळ्या बालिकेच्या हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीस जोडली. थॉमसला वैद्यकाची पदवी नव्हती, आणि त्याच्या कार्याचे ऋण जाहीरपणे मान्य होण्यास अनेक वर्षे जावी लागली.

इथवरच्या सर्व शल्यक्रिया हृदयाच्या बाहेरच्या. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन याने हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने वरच्या कप्प्यांमधील छिद्र बंद केले. १९५४ मध्ये मिनेसोटात लिलेहाय याने मुलाचे रक्ताभिसरण त्याच्या पित्याच्या किंवा दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या रक्ताभिसरणास जोडून हृदय उघडले आणि त्याच वर्षी फालोच्या चतुर्दोषाची संपूर्ण दुरुस्ती केली. १९६३ मध्ये टोरांटोच्या मस्टर्डने अदलाबदल झालेल्या महावाहिन्यांवर, आणि १९६८ मध्ये बोर्दोच्या फॉन्तां याने एकच कार्यक्षम खालचा कप्पा असलेल्या हृदयावर उपाय काढला.

भारतात छातीच्या शल्यविद्येची पायाभरणी वेल्लोर येथे रीव्ह बेट्स यांनी केली. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी १९५० नंतरच्या दशकात हृदयावरील शल्यक्रिया करू लागले. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत वेल्लोर आणि मुंबई येथे यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडण्याचे काम सुरू झाले. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. सेन यांनी केलेल्या हृदयारोपणाची नोंद इतिहासाने घेतली आहे. केपटाउनच्या पहिल्या आरोपणानंतर ते तीन महिन्यांच्या आत झाले होते, परंतु तो रुग्ण काही तासांतच मरण पावला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्या मागील वर्षांतील निनावी काम. छिद्र बुजविलेली, नलिका बांधलेली ती मुले वाचली, गावी परतली, वाढली. या शल्यक्रियांचा खरा उत्तरार्ध त्यांच्या देहांत लिहिला गेला.

४. दुरुस्तीचे उत्तरायुष्य

आरंभीच्या पिढीतील शल्यवैद्यांची व पालकांची अशी समजूत होती की, शल्यक्रिया झाली म्हणजे रोग संपला. कागदावर ‘संपूर्ण दुरुस्ती’ असेच शब्द पडत. पुढील अनुभवाने हा विश्वास बराच ढळला. टोरांटो येथे १९५९ पासूनच अशा प्रौढांसाठी स्वतंत्र चिकित्सालय होते. लंडन येथे जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये वाढत्या वयाच्या हृद्रोग्यांसाठी वेगळा कक्ष उघडला. कॅलिफोर्नियात जोसेफ पर्लॉफ यांनी १९८० मध्ये तसाच उपक्रम केला. ज्या देशांत बालपणीच उपचार मिळतात, तेथे जन्मजात हृद्रोग असलेल्या दहापैकी नऊ मुले आज वयात येतात आणि या व्याधीच्या प्रौढांची संख्या मुलांहून अधिक झालेली आहे. बालरोगाचा एक विभाग अशा रीतीने प्रौढ वैद्यकाचा विषय झाला.

प्रत्येक काळाच्या शल्यक्रियेने आपापले अवशेष मागे ठेवले आहेत. ब्लेलॉकच्या मूळ पद्धतीने ज्याची हातास जाणारी रोहिणी वळविली, त्याच्या त्या हाताची नाडी क्षीण असते किंवा लागतच नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब त्याच हातावर मोजला तर तो खोटा, कमी दिसतो. आणि हे न जाणणारा वैद्य भलत्याच उपायास प्रवृत्त होतो. त्याच काळात काही रुग्णांत महारोहिणी व फुप्फुसरोहिणी थेट जोडीत; असे जोड वाजवीहून मोठे ठरल्यास पुढे फुप्फुसांतील रक्तदाब वाढत असे. महारोहिणीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्यांस तरुणपणीच उच्च रक्तदाब जडतो. कृत्रिम कापडाचे ठिगळ लावून ती रुंद केली असेल, तर त्या जागी पुष्कळ वर्षांनी फुगा येण्याचे भय असते.

फालोच्या चतुर्दोषाची कथा सर्वांत बोधप्रद आहे. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करताना झडपेच्या वलयावरून ठिगळ लावीत आणि त्यामुळे झडप निकामी होऊन रक्त उलट येई. ही गळती निरुपद्रवी आहे, असे कित्येक वर्षे मानले गेले. परंतु दोनतीन दशकांनी असे आढळले की, तिच्यामुळे उजवा खालचा कप्पा फुगत जातो, श्रमाची शक्ती कमी होते, आणि काही रुग्णांत हृदयाच्या ठोक्यांचा गंभीर बिघाड होऊन अकस्मात मृत्यू येतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हृद्विद्युत्-आलेखातील एका विशिष्ट तरंगाची रुंदी १८० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक असणे ही या धोक्याची खूण म्हणून पुढे आणली. आज अशा रुग्णांत योग्य वेळी नवी झडप बसवितात. २००० पासून ती काही रुग्णांत छाती न उघडता, रक्तवाहिनीच्या मार्गानेही बसविता येऊ लागली. यात पहिल्या शल्यवैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. जे मूल दहा वर्षांचेही होण्याची आशा नव्हती त्याला त्यांनी चाळीशी दाखविली, आणि चाळिशीतील उपद्रव चाळीस वर्षांनीच कळू शकतात.

वरच्या कप्प्यांमधील छिद्र प्रौढपणी उशिरा बंद केले असेल, तर पुढेही ठोक्यांच्या अनियमिततेचा संभव राहतो. मस्टर्डच्या शल्यक्रियेनंतर उजव्या कप्प्यास आयुष्यभर डाव्याचे काम करावे लागते व तो हळूहळू थकतो. फॉन्तां यांच्या पद्धतीने जगलेल्यांत यकृतावर दीर्घकाळ ताण पडतो, आणि छातीत एकाएकी सुरू झालेली सततची धडधड ही तातडीची अवस्था ठरते. बाह्यतः तरुण व धट्टाकट्टा दिसणाऱ्या माणसाची धडधड ‘घाबरटपणा’ म्हणून सोडून दिली जाण्याचा संभव असतो. पूर्वेतिहास ठाऊक असलेला वैद्य लगेच आलेख काढील.

म्हणूनच असे म्हणावेसे वाटते की, या रुग्णाचा देह हाच एक दस्तऐवज आहे. छातीच्या मध्यावरील उभा व्रण हृदय उघडल्याचे सुचवितो. बगलेखालून पाठीकडे गेलेला व्रण बाहेरच्या वाहिन्यांवरील जुनी शल्यक्रिया सांगतो. नाडी नसलेला हात तर जवळजवळ दशकाचेच नाव घेतो. अभ्यासक जसा अक्षराच्या वळणावरून आणि कागदावरून पत्राचा काळ ठरवितो, तसाच चाणाक्ष वैद्य व्रणावरून शल्यक्रियेचा काळ व जाती ताडतो. पण या दस्तऐवजास मर्यादा आहेत. अलीकडे पुष्कळ छिद्रे जांघेतील रक्तवाहिनीतून धातूच्या जाळीची चकती नेऊन बंद करतात. छातीवर खूण राहत नाही. अशा वेळी देह मुका असतो आणि बोलतो तो फक्त कागद.

५. शल्यक्रियेवाचून वाढलेले

आपल्या भागात आणखी एक वर्ग आहे. भारतात प्रतिवर्षी दोन लाखांहून अधिक बालके हृदयदोषासह जन्मतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांशांस पहिल्याच वर्षी उपायांची गरज असते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ती सर्व वेळेवर शल्यगृहापर्यंत पोहोचत नाहीत. काहींचा दोष सौम्य असल्याने ती शांतपणे वाढतात आणि पहिल्या बाळंतपणात किंवा चाळिशीत दम लागू लागला म्हणजेच तो कळतो. संधिवाताच्या तापाने होणारा झडपांचा विकार आपल्याकडे चिरपरिचित असल्याने जन्मजात दोषाचा आवाजही त्याच खात्यावर जमा होण्याचा संभव असतो.

मोठे छिद्र वेळीच बंद न झाल्यास फुप्फुसांतील दाब वाढत जाऊन रक्ताचा ओघ उलटतो आणि रुग्ण निळा पडतो. १९५८ मध्ये पॉल वुड याने या अवस्थेचे सविस्तर विवेचन करून तिला आयझेनमेंगरचे नाव दिले. ओघ उलटल्यानंतर छिद्र बुजविणे घातक ठरते. येथे चिकित्सा म्हणजे मुख्यतः सांभाळणे. अशा रुग्णांचे रक्त दाट असते म्हणून पूर्वी ते वेळोवेळी काढून टाकीत. आता नित्याचे रक्तमोक्षण निषिद्ध मानतात, कारण त्याने लोह कमी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी आटणे अशा माणसास विशेष अपायकारक होय. शिरेतून सलाइन देताना नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा, एरवी जो फुप्फुसांत अडकून निरुपद्रवी ठरतो, तो येथे थेट मेंदूकडे जाऊ शकतो. ताप व डोकेदुखी असेल तर मेंदूतील गळूची शंका घ्यावी लागते. गर्भारपण तर मातेच्या जिवावर बेतणारे असते आणि ते टाळण्याचा सल्ला स्पष्टपणे द्यावा लागतो. या खबरदाऱ्यांना मोठी यंत्रे लागत नाहीत. रुग्ण कोण आहे हे दारातच कळावे लागते. दातांची निगा हीही अशीच स्वस्त पण मोलाची गोष्ट, कारण किडलेल्या दातांतील जंतू सदोष हृदयाच्या अस्तरावर ठाण मांडतात.

६. दप्तराचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावची तीस वर्षांची स्त्री छातीत धडधड होते म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात आली. तिच्या छातीवर उभा व्रण आहे. ‘लहानपणी हृदयाला भोक होते, मुंबईला ऑपरेशन झाले’ एवढेच ती सांगते. हे ‘भोक’ म्हणजे साधे छिद्र की चतुर्दोष, ठिगळ कोठे लागले, झडप शाबूत आहे किंवा कसे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. ज्यांना ठाऊक होते ते आईवडील वृद्ध झाले किंवा निवर्तले. कागद असेल तर तो माहेरी, कपाटातल्या पिशवीत.

रुग्णालयात तो मिळेल काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जपावीत आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावीत, असे वैद्यांवर बंधन घालण्यात आले. तीन वर्षे ही मुदत ताप किंवा अस्थिभंग यांस पुरेशी असेल. ज्या व्याधीचे उपद्रव तीस वर्षांनी उद्भवतात तिला ती अर्थातच अपुरी आहे. काही संस्था याहून अधिक काळ कागद ठेवतात, हे खरे. पण जागेचा, वाळवीचा आणि ‘जुने रद्द’ करण्याच्या रूढीचा अनुभव आपल्या विद्याशाखेस नवा नाही.

शासकीय योजनांची रचनाही येथे पाहण्यासारखी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत व शाळांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयदोष आढळलेल्यांस शल्यक्रियेस पाठवितात. या कार्यक्रमाने ग्रामीण मुलांचे फार मोठे हित केले आहे. परंतु जे बालक २०१३ साली पाच वर्षांचे होते, ते २०२६ साली अठरा वर्षांचे होते आणि कार्यक्रमाच्या मर्यादेबाहेर जाते. शल्यक्रियेच्या खर्चासाठी राज्यात १९९७ पासून जीवनदायी योजना होती. २०१२ मध्ये तिला राजीव गांधी यांचे व २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळून तिचा विस्तार झाला. तीत प्रौढांसही उपचार मिळतात. मात्र तिची रचना मुख्यतः उपचारांच्या ठरावीक संचांवर आधारलेली असून, आयुष्यभराच्या देखरेखीचा धागा तीत सहजासहजी बसत नाही. बालरोगतज्ज्ञाचे दार मिटते त्या दिवशी दुसरे दार उघडलेले नसते. मधल्या ओसरीवर हा तरुण उभा राहतो. प्रकृती ठीक असल्याने तो पुन्हा दवाखान्याचे तोंड पाहत नाही आणि पाहतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

यात आणखी एक कारण मिसळते, आणि ते आपल्या समाजरचनेतले आहे. मुलीच्या छातीवरील व्रण हा सोयरिकीतला अडथळा समजला जातो. म्हणून शल्यक्रियेची गोष्ट झाकली जाते. कागद सासरी न्यावयाचा नसतो, कधी तो जाळलाही जातो. डोहाळ्यांच्या कल्पनेपासून आईवर असलेला ठपका येथे लेकीच्या वाट्यास येतो. वस्तुतः साधे छिद्र वेळेवर बंद झालेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. मात्र पाश्चात्त्य धातूची झडप बसविलेली स्त्री किंवा फुप्फुसांचा दाब वाढलेली स्त्री यांचा धोका खराखुरा असतो आणि तो गर्भधारणेच्या आधीच कळावयास हवा. ज्या वयात कागदाची गरज सर्वांत अधिक, त्याच वयात तो दडविला जातो, हा या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग होय.

या दोन जिल्ह्यांच्या अभ्यासकांस दप्तराचे महत्त्व पटवून देण्याचे कारण नसावे. राजवाड्यांच्या साधनग्रंथांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला तो वाई येथे हाती आलेल्या कागदांच्या बळावर. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिकवीत असतानाच पटवर्धनांची दप्तरे वाचून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला; वानलेस यांचे रुग्णालय त्याच गावी, त्याच वर्षांत उभे राहत होते. साताऱ्याच्या पारसनिसांनी जमविलेले कागद १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरक्षित झाले. या सर्वांनी एक गोष्ट शिकविली: सरकारी दप्तरात जे उरत नाही ते घराघरांतील पेटाऱ्यांत उरते, परंतु कोणीतरी वेळेवर तेथे पोहोचावे लागते. जन्मजात हृद्रोगाचे दप्तरही आज असेच घरोघर विखुरलेले आहे. फरक इतकाच की, पेशवाईतील पत्र हरवले तर इतिहासाचे एक पान कोरे राहते. येथे कागद हरवला तर माणूस दगावू शकतो.

२०२१ मध्ये घोषित झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेमुळे पुढील रुग्णांच्या नोंदी त्यांच्यासोबत राहण्याची सोय होऊ शकेल. परंतु १९६० ते २०१० या काळात ज्यांच्यावर शल्यक्रिया झाल्या, त्यांचे कागद त्या यंत्रात आपोआप जाणार नाहीत. ते कोणीतरी शोधून, वाचून, नकलून ठेवावे लागतील. शल्यक्रियेची टिपणी, सुटीच्या वेळचा कागद आणि हृदयाच्या प्रतिध्वनी-तपासणीचा अहवाल, एवढ्या तिहींची प्रत रुग्णाच्याच हाती असली आणि त्यातील आशय त्यास मराठीत दहा ओळींत समजावून दिलेला असला, तरी तालुक्याच्या वैद्याचे अर्धे काम होते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात याव्यात. एक, जन्मजात हृद्रोगाची शल्यक्रिया हा रोगाचा शेवट नसून नव्या पर्वाचा आरंभ असतो. दोन, त्या पर्वातील उपद्रव हे ज्या काळात शल्यक्रिया झाली त्या काळाच्या ज्ञानाने व मर्यादांनी घडविलेले असतात. म्हणून कालानुक्रमाचे भान ही येथे चिकित्सेची पहिली पायरी आहे. तीन, सातारा-सांगलीसारख्या परिसरात, जेथे राहण्याचे ठिकाण व उपचाराचे ठिकाण यांत शंभर कोसांचे अंतर पडते, तेथे हे भान टिकविण्याचे साधन कागद हेच आहे.

वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा थोर शल्यवैद्यांच्या आणि संस्थांच्या चरित्रांपाशी थांबतो. त्या चरित्रांचे मोल आहेच. परंतु ज्यांच्यावर ते प्रयोग झाले आणि जी त्यांतून वाचली, त्या मुलांची पुढील चाळीस वर्षे अद्याप कोणी लिहिलेली नाहीत, असे म्हणण्यास हरकत नसावी. ती लिहिण्याची सामग्री कपाटांतल्या पिशव्यांत आहे आणि ती दिवसेंदिवस विरत चालली आहे. पदव्युत्तर अभ्यासकांपैकी कोणी या कामास हात घातला, रुग्णाची संमती व त्याच्या नावाची गुप्तता सांभाळून ही घरगुती दप्तरे नोंदविली, तर इतिहासाची सेवा घडेल. आणि ज्याचे दप्तर नोंदविले गेले त्याच्या पुढील आजारपणात त्याच्या वैद्यास एक विश्वसनीय साधनही मिळेल. एकाच कामातून दोन्ही हेतू साधावेत, असे प्रसंग आपल्या विषयात फार येत नाहीत.